सोलापूरच्या उन्हात कॅम्पर व्हॅनची लिथियम बॅटरी: ट्युब्युलर काढून २८० एएच बसवताना

लिथियम बॅटरीवरचे बहुतेक व्हिडिओ थंड मुलखातल्या लोकांनी केलेले असतात. बॅटरीखाली हीटिंग पॅड कुठं लावायचं, शून्याखाली चार्जिंग कसं थांबवायचं, यावर अर्धा अर्धा तास चर्चा. आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटेसुद्धा पारा दहाच्या खाली क्वचितच जातो. मे महिन्यात मात्र ४२-४३ अंश रोजचेच, आणि पत्र्याची गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की आतली हवा सहज ५५-६० वर जाते. त्यामुळं तिकडची सामानाची यादी इथं चालते, पण क्रम उलटा लागतो. इथं आधी उष्णतेचा विचार करायचा, मग जोडांचा, मग फ्यूजचा. किती एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) घ्यायचे हा प्रश्न त्या मानानं सोपा आहे, म्हणून तो आधीच उरकून टाकू.

पुढचं सगळं ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या गाडीवर केलेली कॅम्पर धरून लिहिलं आहे. जुनी व्यवस्था म्हणजे १५० एएचच्या दोन ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात त्या लेड-ॲसिड बॅटऱ्या), घरगुती इन्व्हर्टर आणि इंजिन चालू झालं की इंजिनाची बॅटरी त्यांना जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच. नवी व्यवस्था १२ व्होल्टचीच, २८० एएचच्या चार एलएफपी सेलची. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. भंगारातल्या ई-वाहनांचे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल स्वस्तात मिळतात. झोपायच्या पलंगाखाली ते ठेवू नका. ते तापल्यावर आवरत नाहीत, आणि त्यांचा व्होल्टेजही १२ च्या व्यवस्थेत नीट बसत नाही.

एका रात्रीचा हिशोब

मे महिन्यातले चोवीस तास धरा. ४०-५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ५० वॅटच्या आसपास घेतो, आणि या उकाड्यात तो निम्म्याहून जास्त वेळ चालूच असतो, म्हणजे साधारण ६५० वॅट-तास. १८ वॅटचे दोन डीसी पंखे बारा तास चालले की ४३०. दिवे ५०, पाण्याचा पंप १५-२०, मोबाइल-लॅपटॉप २००. दोन वेळचा चहा आणि एक वेळचं जेवण इंडक्शनवर अर्ध्या तासात झालं तर १५०० वॅटच्या शेगडीचे ७५०, आणि इन्व्हर्टरची तूट धरून ८५०. झाले २,२००.

आता यात कुणी न धरणारा आकडा घाला. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १५-२० वॅट खातो. चोवीस तासांत ते ४०० वॅट-तास होतात, म्हणजे जवळजवळ दोन पंख्यांच्या रात्रीएवढे. इन्व्हर्टरचं बटण पलंगाजवळ आणा, शेगडी उतरली की बंद करा. २३० व्होल्टवर चालणारं शक्य तितकं कमी करून १२ व्होल्टवर आणा. लॅपटॉपला थेट डीसीवरचा टाइप-सी चार्जर मिळतो.

चार सेलची बॅटरी १२.८ गुणिले २८०, म्हणजे ३,५८४ वॅट-तास. बिलाच्या भाषेत साडेतीन युनिट. त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटलं तर २,८६०. एक पूर्ण दिवस ऊन नसलं आणि गाडी जागची हलली नाही तरी निभावतं. दोन ट्युब्युलरमध्ये कागदावर ३,६०० असतात, पण त्या निम्म्याच्या खाली नेल्या की आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणजे हातात १,८०० च. शिवाय शेगडी लावल्यावर त्यांचा व्होल्टेज असा बसतो की निम्मी बॅटरी शिल्लक असताना इन्व्हर्टर लो बॅटरीचा बझर वाजवतो. वजनाचंही बघा. दोन ट्युब्युलर मिळून शंभर किलोच्या वर, हे चार सेल २२ किलोचे.

एसी? पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात चार-पाच युनिटं खाईल. त्यासाठी बॅटरी दुप्पट करण्याआधी तेच पैसे छताच्या आणि बाजूच्या पत्र्याच्या इन्सुलेशनवर आणि छतावरच्या एक्झॉस्ट पंख्यावर घाला.

बॅटरी कुठं बसवायची

एलएफपी सेलचं वाटोळं दोन गोष्टी एकत्र आल्या की होतं: पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता. नुसत्या वापरानं ती इतकी झिजत नाही. १०० टक्के भरून ५५ अंशांत आठवडाभर उभी राहिलेली बॅटरी रोज वापरलेल्या बॅटरीपेक्षा जास्त म्हातारी होते.

म्हणून जागा निवडताना बॉनेटखालचा भाग, सायलेन्सरच्या पाइपावरची फ्लोअर, खिडकीखालचा ऊन लागणारा कप्पा आणि चालकाच्या मागं इंजिनाची गरमी येते ती बाजू, ही ठिकाणं आधीच वगळा. बाकाखालचा मधला कप्पा, फ्लोअरला लागून, सगळ्यात बरा. गॅसची टाकी त्याच कप्प्यात नको.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा पंखा उलटं काम करतो. ६० अँपिअरनं चार्ज होताना या आकाराचे सेल स्वतः फार तर चार-पाच वॅट उष्णता काढतात. शेगडी चालू असताना २०-२५ वॅट, तेही अर्धा तास. म्हणजे बॅटरी आतून तापत नाही, बाहेरच्या हवेनं तापते. थर्मोस्टॅट लावून बॉक्स ४० अंशांवर गेला की पंखा सुरू, अशी व्यवस्था केली तर दुपारी दोन वाजता तो पंखा ५५ अंशांची हवा बॉक्समध्ये ओढतो. २२ किलोचे सेल तापायला वेळ लागतो, निवायलाही लागतो. त्याचाच फायदा घ्यायचा. बॉक्सला वरून आणि बाजूंनी २५ मिलिमीटरची एक्सपीएस (कडक फोमची) शीट, तळ फ्लोअरकडं, आणि पंखा फक्त गाडीतली हवा बॉक्सपेक्षा थंड असेल तेव्हाच. दोन सेन्सरचा डिफरन्शियल कंट्रोलर मिळाला तर उत्तम, नाही तर साधा टायमर रात्री अकरा ते सकाळी सातवर लावा. रात्रीच्या हवेनं निवलेली बॅटरी दुपारचे चार तास आरामात काढते.

बॉक्स गाडीच्या फ्रेमला स्टीलच्या पट्टीनं बांधा, प्लायवूडला स्क्रूनं नाही. जोराचा ब्रेक लागला की तीस किलोचं वजन प्लायवूडसकट पुढं येतं.

सेल, पट्ट्या आणि जोड

२८० एएचचा प्रिझमॅटिक सेल साधारण १७४ बाय ७२ मिलिमीटरचा, उंची २०७, वजन साडेपाच किलोच्या आसपास. पुरवठादाराकडून प्रत्येक सेलची क्षमता आणि अंतर्गत रोध लिहून घ्या. आलेल्या चारही सेलचा व्होल्टेज एकमेकांच्या दहा मिलिव्होल्टच्या आत हवा. पोट सुटलेला सेल परत करा, दाबून बसेल म्हणून ठेवून घेऊ नका.

निळ्या प्लॅस्टिकखालचं ॲल्युमिनियमचं डबडं धनभारित असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दोन सेल एकमेकांना टेकवून ठेवले आणि गाडी बार्शी रोडच्या खड्ड्यांतून वर्षभर फिरली, की ते पातळ प्लॅस्टिक घासून फाटतं आणि दोन डब्यांमध्ये शॉर्ट होतो. प्रत्येक दोन सेलच्या मध्ये अर्ध्या मिलिमीटरची एफआर-४ म्हणजे इपॉक्सीची शीट घाला. सगळ्या गठ्ठ्याला दोन टोकांना १०-१२ मिलिमीटरच्या पाट्या आणि एम-८ चे चार थ्रेडेड रॉड. चेपायचं नाही, सेल हलणार नाहीत इतपत आवळायचं. रॉडवर हीट-श्रिंक नळी चढवा.

आता जोड. बिघाडाच्या दहा तक्रारी ऐकल्या तर आठ जोडाच्या निघतात. सेलचं टर्मिनल ॲल्युमिनियमचं, आणि ॲल्युमिनियम उघडं पडलं की त्यावर ऑक्साइडचा थर लगेच धरतो. तो थर वीज नेत नाही. बारीक स्कॉच-ब्राइटनं टर्मिनल आणि बसबार (दोन सेल जोडणारी पट्टी) दोन्ही घासायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे, अँटी-ऑक्सिडंट पेस्टचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि पाच मिनिटांत जोड आवळून मोकळं व्हायचं. सकाळी घासून संध्याकाळी जोडलं तर घासणं वाया. एम-६ च्या नटाला ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरेत. पुरवठादारानं वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा, पण हाताच्या अंदाजानं आवळू नका. टर्मिनलची आटी मऊ असते. एकदा गेली की सेल गेला. बसबार लवचिक, वेणीचा किंवा पातळ पट्ट्यांचा घ्या. जाड सरळ पट्टी सेलच्या फुगण्या-आकसण्याचा सगळा ताण आटीवर टाकते.

जोड बरा आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. बॅटरीवर १०० अँपिअरचा भार टाका आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक सेलच्या टर्मिनलवर, दुसरं बसबारवर. चांगल्या जोडावर दहाच्या आत दिसेल. सात जोडांवर ६-८ आणि आठव्यावर ३५ दिसले तर तो उघडून पुन्हा घासा. ३५ मिलिव्होल्ट म्हणजे त्या एका नटावर साडेतीन वॅट. शेगडीच्या १५० अँपिअरला ते आठ वॅटच्या जवळ जातं, कारण उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. नट तापतो, सैल होतो, आणखी तापतो.

टॉप बॅलन्स

नवे सेल अर्धवट भरलेले येतात. चौघांना एका पातळीवर आणल्याशिवाय गाडीत बसवलं तर एक सेल आधी भरतो, बीएमएस (प्रत्येक सेलवर पहारा ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतो आणि २८० एएचच्या बॅटरीतून २४० च मिळतात.

पद्धत अशी. पहिल्यांदा चारही सेल सिरीजमध्ये बीएमएससह जोडून नेहमीच्या चार्जरनं भरा, कुठल्याही एका सेलनं ३.६० गाठेपर्यंत. मग बीएमएस काढा, चारही सेल समांतर जोडा आणि बेंच सप्लायनं (हवा तो व्होल्टेज लावता येणाऱ्या वीजपुरवठ्यानं) ३.६० व्होल्टवर ठेवा. ही पहिली पायरी गाळून थेट समांतर सुरुवात केली तर दहा अँपिअरच्या सप्लायवर अडीच-तीन दिवस जातात, आणि कंटाळलेला माणूस व्होल्टेजची चावी फिरवतो. घात तिथं होतो. सप्लायच्या पडद्यावर ३.६० दिसतं, सेलवर ३.४० असतं, कारण बारीक वायरीत व्होल्टेज पडतो. माणसाला वाटतं सप्लाय कमी देतोय. तो ४ व्होल्ट करतो आणि झोपतो. सकाळी करंट कमी झालेला, वायरीतली घट गेलेली, सेल ४ व्होल्टवर आणि फुगलेले. व्होल्टेज काहीही न जोडता मल्टिमीटरनं लावायचा आणि नंतर चावीला हात लावायचा नाही. घाई असेल तर वायर जाड करा. करंट एक-दोन अँपिअरच्या खाली आला की झालं.

बीएमएस आणि शंट

१५०० वॅटच्या इन्व्हर्टरला २०० अँपिअरचा बीएमएस घ्या, १०० चा नको. ॲक्टिव्ह बॅलन्सर (जास्त भरलेल्या सेलमधून काढून कमी भरलेल्याला देणारा) असलेला जेके कंपनीचा चांगला. डॅली कंपनीचाही चालतो, पण त्याचा पॅसिव्ह (जास्तीचं नुसतं जाळून टाकणारा) बॅलन्सर इतक्या मोठ्या सेलना फार मंद पडतो, म्हणून वरचा टॉप बॅलन्स आणखी नेटका लागतो.

बारीक वायरींचा कनेक्टर बीएमएसमध्ये घालण्याआधी त्याच्या पिना मोजा. ऋण टोकापासून क्रमानं साधारण ३.३, ६.६, ९.९ आणि १३.२ दिसले पाहिजेत. एखादी जागा चुकली असेल तर इथंच कळतं. न मोजता कनेक्टर घातला तर धूर निघाल्यावर कळतं.

माझ्या पसंतीच्या सेटिंग: एका सेलचा वरचा कट-ऑफ ३.६०, पुन्हा सुरू ३.४५ वर. खालचा २.८०, पुन्हा सुरू ३.०० वर. बॅलन्सिंग ३.४० च्या वरच. त्याखाली सेलच्या व्होल्टेजवरून कुणात किती भरलंय ते कळतच नाही आणि बॅलन्सर भलत्याच सेलमधून काढून भलत्यालाच देतो. चार्जिंग ५० अंशांवर बंद आणि ३ अंशांखाली बंद. हा दुसरा आकडा सोलापुरात कधी लागणार नाही, पण स्पिती-लडाखला निघालात तर त्याच्यावरच बॅटरी वाचते. शून्याखाली चार्ज केलं की सेलच्या आत धातूरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान परत भरून येत नाही. तापमानाचा सेन्सर मधल्या दोन सेलच्या मध्ये चिकटवा. बॉक्सच्या झाकणाला चिकटवलेला सेन्सर हवेचं तापमान सांगतो.

बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे, रोजचा स्विच नाही. रोजचं काम इतरांनी आधीच थांबवायला हवं. सगळे चार्जर १४.१ किंवा १४.२ वर, फ्लोट (भरल्यानंतर धरून ठेवायचा व्होल्टेज) १३.४, इन्व्हर्टरचा कट-ऑफ १२ व्होल्ट. १४.६ हा सेलचा वरचा टोकाचा आकडा, तिथपर्यंत रोज जायचं कारण नाही.

किती शिल्लक आहे हे व्होल्टेज बघून ठरवायची ट्युब्युलरची सवय मोडावी लागते. ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत या बॅटरीचा व्होल्टेज जेमतेम एक-दोन दशांश हलतो. ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टचा शंट (ऋण वायरीत बसवून करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) आणि मीटर लावा. गाडीतली प्रत्येक ऋण वायर शंटच्या पलीकडं गेली पाहिजे. एमपीपीटीची (सोलर चार्ज कंट्रोलरची) एक ऋण वायर जरी थेट बॅटरीवर राहिली तरी सोलरचं चार्जिंग मीटरला दिसत नाही, आणि चार दिवसांनी बॅटरी भरलेली असताना मीटर ४० टक्के सांगतं.

फ्यूज आणि केबल

१५०० वॅट भागिले १२, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर १४७ अँपिअर. सव्वापट केले की १८४. म्हणजे फ्यूज २०० चा आणि केबल ५० स्क्वेअर एमएमची. ३५ ची केबल थंड हवेत चालून जाते, ५० अंशांच्या कप्प्यात तिच्यावर एवढा भार नको. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात.

फ्यूज किती अँपिअरचा एवढंच विचारून भागत नाही, तो किती हजार अँपिअर तोडू शकतो हे विचारा. चार सेल आणि जोड-केबल मिळून रोध दोन मिलिओहम धरा. १३ व्होल्टला त्यावर शॉर्ट झाला तर साडेसहा हजार अँपिअर वाहतात. कार ऑडिओच्या दुकानातला स्वस्त एएनएल फ्यूज एवढ्याला वितळतो खरा, पण त्याच्या आतला आर्क (हवेतून वाहणारी विजेची ज्योत) विझेलच असं नाही. क्लास-टी फ्यूज यासाठीच असतो. तो मिळाला नाही तर औद्योगिक एचआरसी फ्यूज घ्या, पण त्यावर डीसी व्होल्टेज आणि ब्रेकिंग क्षमता छापलेली असली पाहिजे. नुसतं एसी ४१५ लिहिलेला नको. हाच नियम एमसीबीला. घरातला एसी एमसीबी डीसीवर आर्क तोडत नाही, आणि काही डीसी एमसीबींना धन-ऋण अशी दिशा असते, उलटे जोडले की तेही आतून पेटतात.

केबल तांब्याची वेल्डिंग केबल घ्या, बारीक तारांची, वाकते चांगली. घेताना एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. लग (केबलच्या टोकाला बसवायचे धातूचे डोळे) टिनचा मुलामा दिलेले, आणि क्रिम्पिंग हायड्रॉलिक मशिननं षटकोनी डायमध्ये. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत पॅनेलचं काम करणाऱ्यांकडं हे मशिन असतंच, मोजून कापलेल्या केबल घेऊन गेलं की अर्ध्या तासाचं काम. हातोड्यानं ठोकलेला लग वरून घट्ट वाटतो, आत पोकळ असतो. लगमध्ये शिसं (सोल्डर) ओतू नका. शिसं जिथं संपतं तिथं केबल कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्याच्या आतले कपॅसिटर एकदम भरतात. ठिणगी उडते, बीएमएस शॉर्ट समजून बंद पडतो. ४७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर पाच-दहा सेकंद मध्ये धरा, मग केबल जोडा.

अल्टरनेटर

जुना रिले काढून टाका. तो लिथियमला अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावर, थेट टाकतो. या बॅटरीचा रोध इतका कमी की ती अल्टरनेटर देईल तेवढं सगळं ओढते, आणि सिग्नलला उभ्या गाडीत अल्टरनेटरचा पंखा मंद फिरत असताना तो भाजतो. वर बीएमएसनं अचानक तोडलं तर व्होल्टेजची उसळी अल्टरनेटरच्या डायोडवर येते.

मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनाच्या बाजूनं ठरावीक करंटच घेऊन लिथियम भरणारा) टाका. तो इंजिनाच्या बाजूनं ४० अँपिअरपर्यंत घेतो, म्हणून फ्यूज ६० चा, दोन्ही टोकांना, कारण दोन्हीकडं बॅटरी आहे. पाच मीटर अंतराला, जाऊन-येऊन दहा मीटर धरून, १६ च्या केबलमध्ये ०.४४ व्होल्ट पडतो. चालतं. २५ ची घातली तर आणखी बरं.

बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर संगणकाच्या हुकमानं व्होल्टेज वरखाली करतो. व्होल्टेज बघून इंजिन चालू आहे की नाही हे ओळखणारा चार्जर अशा गाडीत मध्येच बंद पडतो. इग्निशनची वायर रिलेवरून घेऊन चार्जरला द्या. आणि चार्जरची इंजिनाकडची ऋण वायर इंजिनाच्या बॅटरीच्या टर्मिनलवर नको, चासिसवर द्या. टर्मिनलवर जो छोटा सेन्सर असतो, त्याला वळसा घातला तर गाडीचा हिशोब चुकतो.

तीन तासांच्या प्रवासात, म्हणजे सोलापूरहून भिगवणच्या बॅकवॉटरपर्यंत, ९० एएच येतात. बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर जायचं असेल तर सोलरपेक्षा याच्यावरच भिस्त ठेवा. चार्जर उभा, चारी बाजूंना मोकळी हवा ठेवून बसवा. चाळिशीच्या पुढं तापला की तो आपणहून करंट कमी करतो, आणि लोक चार्जर सदोष म्हणून दुकानात नेतात.

छतावरचे पॅनेल

२०० वॅटचे दोन. सोलापूरच्या मोकळ्या उन्हात, आडवे बसवलेले, धूळ आणि उष्णता धरून दिवसाला १,४०० वॅट-तासांच्या आसपास. पत्र्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर बसवा. खालून वारा गेला तर पॅनेल निवतो, आणि तेवढं छत सावलीत राहतं.

दोघांना सिरीजमध्येच जोडा. कारण असं. मे महिन्यात पॅनेलचा सेल ७० अंशांवर जातो, म्हणजे चाचणीच्या २५ अंशांपेक्षा ४५ नं वर. अंशाला साधारण ०.३५ टक्के धरले तर १५-१६ टक्के घट. १८ व्होल्टचा पॅनेल १५ वर येतो. बॅटरी १४.२ मागते, केबलमध्ये अर्धा व्होल्ट जातो, एमपीपीटीला खेळायला काही उरतच नाही. ऐन दुपारी ऊन डोक्यावर आणि चार्जिंग थंड, ही तक्रार बहुतेक वेळा समांतर जोडलेल्या १२ व्होल्टच्या पॅनेलची असते. सिरीजमध्ये तीसच्या आसपास मिळतात. १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा एमपीपीटी पुरतो. त्याला ५४० वॅटचे दोन घरगुती पॅनेल सिरीजमध्ये मात्र लावू नका. त्यांचा ओपन सर्किट (काहीही न जोडता दिसणारा) व्होल्टेज प्रत्येकी पन्नाशीला टेकतो, थंड पहाटे तो शंभर ओलांडतो आणि एमपीपीटी मरतो.

एमपीपीटीला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. लेड-ॲसिडसाठीचं इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजनं भरणं) आणि टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (तापमानानुसार व्होल्टेज बदलणं) बंद करा. हे दुसरं चालू राहिलं तर उन्हाळ्यात बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि थंडीत मर्यादेबाहेर भरते.

इन्व्हर्टर, कागद आणि बाकीचं

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच लहर देणारा, घ्या. जुना घरगुती इन्व्हर्टर ठेवायचाच असेल तर त्यात लिथियम मोड आहे का बघा. नसेल तर त्याचा चार्जर वापरू नका. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) हवाच. तुळजापूर-अक्कलकोटला भक्तनिवासाच्या प्लगवरून चार्ज करायचं तर ३० अँपिअरचा वेगळा लिथियम चार्जर अडीच अँपिअरच्या आतच घेतो, साधा प्लग पुरतो.

गाडीत कायमस्वरूपी बदल करताना मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. आरटीओत आधी विचारा, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. नंतर दाव्याच्या वेळी त्यावरूनच वाद होतात.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा आणि १०० अँपिअरवर मिलिव्होल्ट मोजून आधीच्या आकड्यांशी पडताळा. नंतर सहा महिन्यांनी एकदा. महिन्यातून एकदा १४.२ ला पूर्ण भरू द्या, म्हणजे बॅलन्सरला काम मिळतं आणि शंटचं मीटरही पुन्हा १०० वर जुळतं. आणि मे महिन्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणा, पॅनेलचा एमसीबी पाडा, मेन स्विच बंद करा. बीएमएस तेवढा स्वतःपुरतं थोडं खात राहील. त्यासाठी महिन्यानं एकदा मीटर बघितलं की पुरे.